युरोपला जाताना इंधन कधी बदलायला घ्यायचं?

नेरूळ-सीवूड्सची मुलं पहिल्यांदा फोर्थ किंवा थर्ड इंजिनिअर म्हणून निघाली की मला फ्युएल चेंजओव्हरबद्दल, म्हणजे चालत्या जहाजात जास्त सल्फरचं तेल बंद करून कमी सल्फरचं सुरू करण्याबद्दल, हमखास विचारतात. मी सेकंड इंजिनिअर, घर बेलापूरच्या दिवाळे गावात. जहाजाचा धूर शेवटी किनाऱ्यावरच्या माणसांच्या छातीत जातो, म्हणून हे काम मी कुणावर ढकलत नाही.

मार्पोलच्या (जहाजांच्या प्रदूषणाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) सहाव्या परिशिष्टाप्रमाणे २०२० पासून जगभर इंधनात सल्फर जास्तीत जास्त ०.५० टक्के चालतं. बाल्टिक, उत्तर समुद्र, उत्तर अमेरिकेचा किनारा अशा नियंत्रित क्षेत्रांत मात्र ०.१० टक्केच. १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रही त्यात आला. म्हणजे न्हावा शेवाहून सुएझमार्गे गेलात तर कालवा संपताच हद्द लागते. कालव्यात असले खेळ नकोत, बदल तांबड्या समुद्रातच उरका. स्क्रबरवाल्या (धुरातलं सल्फर धुऊन काढणारं यंत्र बसवलेल्या) जहाजांचं गणित वेगळं.

सगळ्यात जास्त चुकतो तो वेळेचा हिशोब. व्हॉल्व्ह फिरवल्यावरही लाइनमध्ये आणि मिक्सिंग कॉलममध्ये (इंजिनाआधीचं तेल मिसळायचं भांडं) जुनं तेल फिरत राहतं; इंजिन जेवढं जाळेल तेवढंच ते हळूहळू निघतं. समजा, दोन्ही तेलांचे सर्व्हिस टँक (इंजिनला तेल पुरवणाऱ्या टाक्या) वेगवेगळे आहेत, पुढच्या लाइनमध्ये २ टन तेल आहे आणि इंजिन तासाला १ टन खातं. जुनं तेल ०.५० टक्क्यांचं, नवं गॅस ऑइल (डिझेलसारखं पातळ तेल) ०.०५ चं, तर मिश्रण ०.१० वर यायला साधारण साडेचार तास लागतात. तेच गॅस ऑइल ०.०८ चं निघालं तर सहा तासांच्या वर! म्हणून बंकर डिलिव्हरी नोटवरचा (जहाजात तेल भरताना मिळणारी पावती) सल्फरचा आकडा स्वतः वाचा आणि हिशोबात वर दोन तास तरी धरा.

जुनं तेल तापवलेलं असतं, गॅस ऑइल थंडच लागतं. म्हणून बदलताना तापमान मिनिटाला २ अंशांपेक्षा भराभर उतरवू नका, फ्युएल पंपाचा प्लंजर (आतला दट्ट्या) अडकतो. १२० वरून ४० अंशांवर यायला निदान ४० मिनिटं गेली पाहिजेत. यासाठी लोड कमी करतात, आणि लोड कमी म्हणजे तेल कमी जळतं, वरचे तास वाढतात. तेव्हा हिशोब त्या कमी लोडवरच मांडा. स्टीम ट्रेसिंग (तेलाचे पाइप वाफेने तापवणं) बंद करा, चिलर (तेल थंड करणारं यंत्र) आधी चालवून बघा. इंजिनच्या तोंडाशी तेल २ सेंटिस्टोक्सपेक्षा (तेलाच्या घट्टपणाचं माप) पातळ होता कामा नये. दोन तेलं एकमेकांशी जुळली नाहीत तर गाळ धरतो, त्यामुळे फिल्टरपाशी माणूस उभा ठेवा. पातळ तेल जुन्या सीलमधून झिरपतं, तेही बघायला सांगा.

बदल पूर्ण झाला की तारीख, वेळ, जहाजाची पोझिशन आणि प्रत्येक टाकीत कमी सल्फरचं तेल किती, हे हद्दीत शिरण्याआधी लॉगबुकात गेलं पाहिजे. पोर्ट स्टेटचा (ज्या देशाच्या बंदरात जातो त्याचा) इन्स्पेक्टर या नोंदी मागतोच.

बंकर नोट ३ वर्षं जपायची. भरलेल्या तेलाचा सीलबंद नमुना, ते तेल संपेपर्यंत, पण किमान १२ महिने. हा नमुना आपल्याच मॅनिफोल्डवर (जहाजात तेल शिरतं त्या पाइपाच्या तोंडाशी), बंकरिंग (तेल भरणं) चालू असेपर्यंत थेंबथेंब घेतलेला हवा. बार्जवरून (तेल आणून देणाऱ्या होडीवरून) भरून आणलेली बाटली कुणी पुढे केली तर तिच्या लेबलवर सही करू नका. लगेच चीफ इंजिनिअरला बोलवा आणि लेटर ऑफ प्रोटेस्ट (लेखी हरकत) द्या.