ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पाणी शिरलंय का?

आधी ब्रीदर बघा, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ज्यातून हवा आत-बाहेर घेतो ती सिलिका जेलची डबी. निळं सिलिका जेल गुलाबी पडलं असेल किंवा खालच्या कपातलं तेल आटलं असेल, तर दमट हवा थेट आत जातेय.

पुरवठा बंद करून, अर्थिंग लावून मगच तळाच्या व्हॉल्व्हमधून नमुना घ्या. पाणी तिथेच बसतं. पहिलं लिटरभर तेल वेगळं काढा, नाहीतर व्हॉल्व्हमधली घाणच तपासाल. थोडं तेल काचनळीत तापवा. तडतडलं तर पाणी नक्की. नाही तडतडलं म्हणून निर्धास्त राहू नका.

बीडीव्ही चाचणीत (तेल किती व्होल्टेजपर्यंत टिकतं ते बघण्याची चाचणी) तेलात बुडवलेल्या दोन इलेक्ट्रोडमध्ये २.५ मिलिमीटर अंतर ठेवून ६ वेळा व्होल्टेज चढवून सरासरी काढतात. ११ केव्हीच्या ट्रान्सफॉर्मरला ती ३० केव्हीखाली गेली, तर तेल साधारण ६० अंशांवर व्हॅक्यूम फिल्टरमधून फिरवा. आम्लता वाढली असेल तर नुसत्या फिल्टरने भागत नाही. फुलर्स अर्थ (आम्ल शोषणारी माती) वापरा किंवा तेलच बदला.