दस्तऐवजीकरणासाठी माणसे कोठे सापडतात

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेतील एका लहानशा ओपन सोर्स लायब्ररीच्या (इतरांना आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल अशा, सर्वांसाठी खुल्या कोडच्या) दस्तऐवजीकरणाची, म्हणजे तो कसा वापरायचा हे सांगणाऱ्या पानांची, जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा ‘स्वयंसेवक हवेत’ अशी ओळ मी रीडमीच्या, म्हणजे प्रकल्पाची ओळख करून देणाऱ्या फाइलच्या, अगदी वरच्या भागात लिहिली. सहा महिन्यांत एकही माणूस फिरकला नाही. असे प्रकल्प जेथे ठेवले जातात त्या गिटहब या संकेतस्थळाच्या २०१७ च्या सर्वेक्षणात ९३ टक्के लोकांनी अपुऱ्या किंवा जुनाट दस्तऐवजीकरणाची तक्रार केली होती, तर ६० टक्के योगदानकर्त्यांनी आपण त्या कामाला क्वचितच हात लावतो किंवा लावतच नाही, असे सांगितले होते. हे आकडे मी आधी पाहिले असते, तर त्या ओळीवर इतकी भिस्त ठेवली नसती.

पहिली स्वयंसेविका मिळाली ती तक्रारीतून. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने आमची इन्स्टॉलेशनची कमांड विंडोजवर चालत नाही, असा इश्यू (गिटहबवरील तक्रारीची किंवा कामाची नोंद) नोंदवला. तिच्या संगणकावरील युजरनेममध्ये नाव आणि आडनाव यांच्यामध्ये मोकळी जागा होती आणि आमच्या कमांडमधील पाथला (फाइलच्या पत्त्याला) अवतरणचिन्हे नव्हती, त्यामुळे तो पत्ता मध्येच तुटत होता. आम्ही सगळे लिनक्स वापरणारे असल्याने ही चूक कोणाच्याच लक्षात आली नव्हती. दुरुस्ती दोन मिनिटांची होती. तरीही मी ती स्वतः न करता फाइलचा दुवा आणि ओळीचा क्रमांक तिला कळवला व बदल तिनेच पाठवावा, अशी विनंती केली. पुढे विंडोजचे संपूर्ण पान तिनेच लिहिले. नुकतीच ठेच लागलेल्या माणसाला रस्त्यातला दगड नेमका कोठे आहे हे ठाऊक असते, आम्हा जुन्यांना तो दिसेनासा झालेला असतो. म्हणून मी आता स्वयंसेवक प्रश्न विचारणाऱ्यांमध्येच शोधतो.

इश्यूला ‘गुड फर्स्ट इश्यू’ (नवख्यांसाठी सोपे काम) असे लेबल लावून भागत नाही. कोणते पान, त्यात काय चुकले आहे, योग्य माहिती कोणत्या फाइलमध्ये मिळेल आणि काम केव्हा पूर्ण झाले असे समजावे, एवढे तरी लिहावे लागते. किरकोळ बदलासाठी नवख्या माणसाला स्फिंक्स (दस्तऐवजीकरणाची पाने तयार करणारे साधन) बसवायला लावू नये; गिटहबवर ब्राउझरमध्येच फाइल बदलता येते आणि दस्तऐवजीकरण प्रसिद्ध करणाऱ्या ‘रीड द डॉक्स’ या सेवेवर पुल रिक्वेस्टचे (बदल स्वीकारण्यासाठी पाठवलेल्या विनंतीचे) प्रिव्ह्यू सुरू केले, तर बदललेले पान कसे दिसेल तेही पाहता येते.

माझ्याकडून दोन चांगली माणसे गेली, हेही सांगितले पाहिजे. एकाची पुल रिक्वेस्ट रिलीजच्या गडबडीत तीन आठवडे तशीच पडून राहिली. दुसरा मराठी माध्यमातून शिकलेला होता. त्याच्या मजकुरातील माहिती अचूक असतानाही मी त्याच्या इंग्रजीवर, बहुधा ‘a’, ‘the’ या आर्टिकल्सवरच, चाळीसेक शेरे मारले आणि तो पुन्हा आला नाही. आता दोन दिवसांत निदान पोच देतो, माहिती बरोबर असल्यास बदल स्वीकारतो आणि भाषेवरचा हात मागाहून वेगळ्या कमिटमध्ये (बदलाच्या स्वतंत्र नोंदीत) फिरवतो.

आमचे बहुतेक स्वयंसेवक विद्यार्थी आहेत आणि सत्रपरीक्षा जवळ आल्या की ते दिसेनासे होतात. त्यांना त्या काळात स्मरणपत्रे पाठवू नयेत. त्याऐवजी प्रत्येक पानाची जबाबदारी दोघांकडे द्यावी आणि त्यांपैकी एक जण शक्यतो नोकरी करणारा असावा.