स्कॅनमध्ये अनोळखी पोर्ट उघडा दिसला? या चुका टाळा

एनमॅप या स्कॅन करणाऱ्या टूलच्या यादीत अनोळखी पोर्ट (मशीनवर कनेक्शन घेणारं नंबरी दार) उघडा दिसला की नवशिकी पोरं थेट मशीन फॉरमॅटला घेतात. अरे, आधी उत्तर कुणी दिलं ते तरी बघा!

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात ऑफिस आणि लूम विभागाचं नेटवर्क वेगळं, मधे फायरवॉल. ऑफिसमधून स्कॅन केलं की लूमकडच्या प्रत्येक कॉम्प्युटरवर २००० आणि ५०६० उघडे. दोन्ही आयपी फोनचे पोर्ट, आणि तिथं असा फोन एकही नाही. व्हायरस घुसला म्हणत तिथल्या पोरानं ऐन डिस्पॅचच्या घाईत फॉरमॅट सुरूही केलं होतं. मी त्याच रेंजमधला, कुणालाच न दिलेला आयपी घेतला आणि पिंगची तपासणी बंद ठेवून स्कॅन चालवला. तिथंही तेच दोन पोर्ट उघडे! मग उत्तराचं कारण दाखवणारा रीझन पर्याय लावून टीटीएल पाहिला, म्हणजे पॅकेटवरचा तो आकडा जो वाटेतल्या प्रत्येक राउटर-फायरवॉलला एकाने कमी होतो. विंडोजच्या ४४५ चं (फाइल शेअरिंगचा पोर्ट) उत्तर १२७ ने येत होतं, म्हणजे विंडोजच्या १२८ मधून एक कमी; ५०६० चं मात्र ६४ ने, काहीच कमी न होता. म्हणजे बोलत होता मधला फायरवॉल. त्यातली फोन कॉल हाताळणारी सोय कुठल्याही पत्त्याच्या नावानं स्वतःच कनेक्शन घेत होती. ती बंद केली, पोर्ट गेले. फॉरमॅट झालेल्या मशीनवरचा हिशेबाचा डेटा मात्र गेला तो गेलाच, बॅकअप नव्हता.

नव्या नेटवर्कवर मी आधी रिकामा आयपी स्कॅन करतो. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते करायचा धीर कुणाला नसतो.

सर्व्हिसच्या नावावर विसंबू नका. सर्व्हिसशी बोलून ती ओळखणारा एसव्ही पर्याय लावला नाही तर एनमॅप पोर्ट नंबरवरून तक्त्यातलं नाव छापतो, एवढंच. क्रोमकास्टचा ८००९ म्हणूनच 'एजेपी१३' दिसतो, ते नाव टॉमकॅट या वेब सर्व्हरचं, आणि पोरं टीव्हीत टॉमकॅट शोधत बसतात. एसव्हीला वेळ लागतो म्हणून तो टाळणं मला अजिबात पटत नाही.

यूडीपी (कनेक्शन न जोडता पॅकेट पाठवायची पद्धत) स्कॅनमध्ये 'ओपन|फिल्टर्ड' म्हणजे उत्तरच आलं नाही. तो उघडा धरू नका.

स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरून दिसणारा पत्ता) आपल्याच नेटवर्कच्या आतून तपासू नका, दुसऱ्या कनेक्शनवरून तपासा.

दुसऱ्याचं नेटवर्क असेल तर परवानगी लेखी घ्या.

शेवटी त्या मशीनसमोर बसायचंच. विंडोजवर नेटस्टॅट, लिनक्सवर एसएस चालवून पोर्ट कुठल्या प्रोसेसचा ते बघा. अनोळखी प्रोसेस निघाली तर मशीन बंद करू नका, मेमरीतला पुरावा जातो. नेटची केबल काढा, प्रोसेसचा नंबर आणि फाइलचा पाथ वहीत लिहा, आणि मगच पुढच्या कामाला हात घाला.