खोंडाचं वजन वाढेना, मग काय केलं

आमचा गोठा करवीर तालुक्यात, खिलार जातीच्या दोन खोंडांतलं वळू म्हणून कुठलं ठेवायचं ते वजनवाढीवर ठरवायचं होतं. उत्साहात पहिल्याच दिवशी तीन-तीन किलो मका भरडा टाकला, तिसऱ्या दिवशी धाकट्याचं शेण पाण्यासारखं, आंबूस वास, खोंड गव्हाणीकडं बघंना. डॉक्टर म्हणाले पोटातल्या जंतूंना सवय व्हायला वेळ लागतो, एकदम वाढवलं की पोटात आम्ल होतं. मग भरडा बंद, नुसता कडबा, आणि नंतर अर्ध्या किलोपासून तीन आठवडे हळूहळू वाढवत नेला, आधी कडबा मगच खुराक. उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, तेपण कमी केलं (आमच्याकडं तेच फुकट मिळतंय ना), त्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम अडवून धरतं.

मोजण्यातपण घोळ होता, टेप कधी पाणी पिल्यावर कधी उपाशी लावायचो, मान खाली असली की आकडा वेगळाच. आता सकाळी वैरणीआधी, लागोपाठ दोन दिवस, छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळं इंचात, भागिले ६६०, की अंदाजे किलो येतात. सवयीचे पहिले २१ दिवस हिशोबात धरलेच नाहीत. आणि ज्याला घरात सगळे मरतुकडं म्हणायचे ते धाकटंच पुढं निघालंय.