खाटेशेजारची पेटी : वृद्धाश्रमात आणि रुग्णालयात गाता-वाजवताना

मैफलीत गाणे रंगले नाही, तर श्रोता चहाचे निमित्त करून उठून जातो. खाटेवर पडलेल्या माणसाला ती सोय नसते. म्हणून व्यवस्थापनाची लेखी परवानगी आणि वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरांचा होकार मिळाल्यावरही प्रत्येक रुग्णाला स्वतंत्रपणे विचारावे, आणि ‘नको’ म्हणणे त्याला सोपे जाईल अशा शब्दांत विचारावे. ‘दोन गाणी म्हणू, की आज पडून राहायचंय?’ एवढे पुरते. नकार आला तर आग्रह न करता पुढच्या खाटेकडे जावे.

वेळ ठरवताना डॉक्टरांचा राउंड, जेवण आणि वामकुक्षी टाळावी. स्मृतिभ्रंश झालेल्यांपैकी अनेकजण दिवस मावळताना अस्वस्थ होतात, त्यामुळे वृद्धाश्रमात सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारच्या चहानंतर लगेच बसणे बरे. तेथे पाऊण तास पुष्कळ होतो. खाटेशेजारी दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे जाऊ नये.

ध्वनिवर्धक घरीच ठेवावा. शांतता क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५० डेसिबल आहे आणि आपले साधे बोलणेच ६०च्या आसपास असते, हे लक्षात घेतले म्हणजे बंद खोलीत दणदणीत तबला का नको ते कळते. पेटीचे (हार्मोनियमचे) सगळे सूर एकदम न उघडता सुरांचा एकच संच मोकळा ठेवावा आणि भाता हलक्या हाताने चालवावा. टाळाबद्दलचा धडा मी स्वतः चुकून शिकलो. एका वृद्धाश्रमात आम्ही भजनी ठेक्यावर उत्साहाने टाळ धरले, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका आजींनी शांतपणे दोन्ही कानांतली श्रवणयंत्रे काढून पदराच्या गाठीत बांधली. श्रवणयंत्र मुख्यतः बोलणे ऐकू यावे म्हणून बनवलेले असते, आणि टाळांचा तीक्ष्ण, उंच नाद त्यातून कानात टोचतो. त्या दिवसापासून आम्ही नुसत्या चिपळ्या नेतो, आणि त्याही बेताने वाजवतो.

पट्टीचा, म्हणजे गाण्याचा ‘सा’ किती उंच धरायचा याचा, विचार बहुतेक कलावंत करत नाहीत, आणि येथेच सर्वाधिक घोटाळा होतो. वयानुसार बायकांचा आवाज खाली उतरतो. काळी चारवर (पेटीच्या चौथ्या काळ्या सुराला ‘सा’ धरून) गाणाऱ्या गायिकेने तीच पट्टी धरली, तर आजींना ओठ हलवण्यापलीकडे काही करता येत नाही. दोन-तीन स्वर खाली उतरून, लय किंचित सैल ठेवून आणि दोन ओळींमध्ये नेहमीपेक्षा जरा जास्त थांबून गायले, की हळूहळू आवाज मिसळू लागतात. ज्यांना समोरच्या मुलाचे नाव आठवत नाही, अशांनाही कधी कधी आख्खे कडवे येते. ते शब्द शोधत असतील तर आपण ते पुरवण्याची घाई करू नये.

गाणी निवडताना वृद्धाश्रम म्हणजे भजनच, ही समजूत सोडावी. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्या माणसाचे कुमारवय १९५५च्या आसपास सुरू झाले. त्याच वर्षी पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झाले होते आणि रेडिओ सिलोनवर हिंदी चित्रपटगीते घराघरांत वाजत होती. कळत्या वयापासून पंचविशीपर्यंत ऐकलेली गाणी माणसाला सर्वाधिक घट्ट धरून राहतात, म्हणून यादी त्या काळाची करावी आणि तीत नाट्यपद, कोळीगीत, लावणी या सगळ्यांना जागा ठेवावी. एका आजोबांनी पाच अभंगांनंतर विचारले होते, ‘अहो, आम्ही अजून आहोत ना?’ त्यांचे म्हणणे मला पटले. विरहाची आणि निरोपाची गाणी आपण होऊन गाऊ नयेत. मात्र कोणी मागितलीच, तर नाकारूही नयेत.

रुग्णाजवळ बसण्यापूर्वी हात धुवावेत किंवा सॅनिटायझरने चोळावेत, पेटी आणि बोटे लागतात ते तिचे काळे-पांढरे सूर पुसून घ्यावेत, आणि स्वतःला सर्दी-खोकला असेल तर त्या दिवशी जाऊच नये. बासरीसारखी फुंकवाद्ये आणि वॉर्डातली हवा आत ओढणारी पेटी संसर्गाच्या किंवा विलगीकरणाच्या खोलीत नेऊ नये. तेथे तंबोऱ्यासोबतही जायचे की नाही, ते सिस्टर ठरवतील. फोटो आणि व्हिडिओ काढू नयेत; रुग्ण कोणत्या अवस्थेत आहे हे जगाने पाहावे, असे त्याने आपल्याला सांगितलेले नसते.

खाटेशेजारी गाताना नजर वहीवर न ठेवता चेहऱ्यावर ठेवावी. मिनिटाला साठ-सत्तर मात्रांच्या सावकाश लयीने सुरुवात करावी. भुवया आक्रसल्या, मान वळली किंवा श्वास जलद झाला तर कडवे अर्धवट सोडून थांबावे. याउलट ऐकता ऐकता झोप लागली, तर एकदम गप्प होऊ नये. शब्द सोडून गुणगुणावे, तंबोऱ्याचा आवाज हळूहळू कमी करत न्यावा, नातेवाइकांना खुणेनेच टाळ्या थांबवायला सांगावे आणि पेटीचे झाकण खोलीबाहेर गेल्यावर लावावे.