हाउसकीपिंग, गार्ड, कॅन्टीनचं कॉन्ट्रॅक्ट देताय? वेठबिगारी आत येऊ नये म्हणून या चुका टाळा

पुण्यातल्या छोट्या आयटी, बीपीओ, अकाउंटिंगवाल्या कंपन्यांना इंग्लंडचे क्लायंट एक फॉर्म पाठवतात, तुमच्या सप्लाय चेनमध्ये मॉडर्न स्लेव्हरी, म्हणजे वेठबिगारीसारखी सक्तीची मजुरी, नाही ना असं विचारणारा. तिथला 2015 चा कायदा वर्षाला 3.6 कोटी पाउंडांच्या पुढे उलाढाल असलेल्या कंपन्यांना दरवर्षी निवेदन द्यायला लावतो, मग त्या खाली आपल्यासारख्यांना विचारतात. आणि बहुतेक ठिकाणी ॲडमिनवाला सगळीकडे 'नाही' टिक करून त्याच दिवशी परत पाठवून देतो.

चूक: फक्त स्वतःच्या पगारपत्रकाकडे बघणं

आपल्या पे-रोलवरची 30-40 पोरं शिकलेली, ऑफर लेटर असलेली, त्यांना कोणी डांबून ठेवत नाही हे खरंच आहे. पण सकाळी सात वाजता टॉयलेट धुणाऱ्या मावशी, रात्रभर गेटवर बसणारा गार्ड, कॅन्टीनच्या मागे भांडी घासणारा पोरगा, एसी साफ करायला येणारे, हे सगळे कोणाच्या पे-रोलवर आहेत? कॉन्ट्रॅक्टरच्या, आणि बऱ्याचदा त्याच्याही नाही, त्याने ज्याला काम खाली दिलंय त्या मुकादमाच्या. ऊसतोडीतली उचल आपल्याला माहितीये, पण तसाच ॲडव्हान्स देऊन शहरात आणलेली माणसं आपल्याच बिल्डिंगमध्ये असू शकतात हे डोक्यात येत नाही. म्हणून आधी एका कागदावर लिहून काढा, आपल्या आवारात कोण कोण काम करतं आणि त्यांच्या हातात पैसे नक्की कोण ठेवतं. युनिफॉर्म, लाँड्री, दिवाळीचे गिफ्ट बॉक्स हे पण बघायचंय, पण सुरुवात आवारातल्या माणसांपासून करा.

चूक: सगळ्यात कमी कोटेशन घेणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच, आणि ती मालकाच्या टेबलावरच होते. ढोबळ हिशोब करून बघा. किमान वेतन 100 रुपये धरलं तर त्यावर मालकाच्या वाट्याचा पीएफ चार्जेस धरून 13, ईएसआय (कामगार विमा) 3.25, बोनस कमीत कमी 8.33, म्हणजे 124.58 रुपये इथेच झाले. अजून रजेचा बदली माणूस, युनिफॉर्म, साबण-फिनेल आणि कॉन्ट्रॅक्टरचा नफा यायचाय, आणि गार्डची ड्युटी 12 तासांची असेल तर वरच्या तासांचा ओव्हरटाइम डबल रेटने. आता तुमच्याकडे आलेलं कोटेशन 110 चं असेल तर उरलेले पैसे कोणाच्या तरी ताटातून काढले जाणार, आणि तो कॉन्ट्रॅक्टर नसणार. 1982 मध्ये एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलंय की किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं हीसुद्धा घटनेच्या कलम 23 मधली सक्तीची मजुरीच. म्हणजे कोटेशन पास करतानाच आपण त्यात सामील होतो.

तसंच बिल तीन-तीन महिने अडकवून ठेवू नका. कॉन्ट्रॅक्टर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून रजिस्टर्ड असेल तर कायद्यानेच जास्तीत जास्त 45 दिवस आहेत, आणि तुम्ही थांबलात की तो कामगारांचे पगार थांबवतो, मग ती माणसं किराण्यासाठी त्याच्याकडेच उसने मागतात आणि तिथून कर्ज सुरू होतं.

चूक: चलन बघितलं, झालं

कॉन्ट्रॅक्टर दर महिन्याला पीएफचं चलन जोडतो आणि अकाउंट्सवाले बिल पास करतात. चलनावर कामगारांची नावं नसतात. सोबत ईसीआरची, म्हणजे पीएफसाठी दर महिन्याला भरतात त्या विवरणाची, नावांची यादी मागा आणि ती आपल्या गेटच्या हजेरी रजिस्टरशी जुळवा. रजिस्टरमध्ये 14 आणि यादीत 9 असतील तर विषय तिथेच उघडा पडला. बँक ट्रान्सफरचा पुरावा असला तरी पूर्ण विश्वास नको, कारण कामगारांची एटीएम कार्डं सुपरवायझरच्या खिशात असतात आणि पगार जमा झाला की तोच पैसे काढून थोडे हातावर ठेवतो, असंही चालतं.

चूक: सुपरवायझरसमोर विचारणं

'काही त्रास नाही ना?' असं सुपरवायझर शेजारी उभा असताना विचारलं तर उत्तर नाहीच येणार. एकेकट्याशी, चहा पिताना, त्याच्या भाषेत बोलणारं कोणी सोबत घेऊन बोला, आणि फॉर्मसारखं नको. आधार कार्ड कुठंय? एटीएम कोणाकडे आहे? गावावरून येताना किती पैसे घेतले होते, अजून किती फिटायचेत? युनिफॉर्म आणि ट्रेनिंगचे किती कापले? खोली कोणाची? उद्या गावाला जायचं म्हटलं तर कोण अडवेल? कार्ड अडकवणं, पगार रोखणं, कर्जात बांधणं, धमकावणं, बाहेर जाऊ न देणं, ही सगळी आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) सक्तीच्या मजुरीच्या 11 लक्षणांमध्ये आहेत, आणि यातली दोन-तीन एकत्र दिसली की दुर्लक्ष करायचं नाही. कोण काय बोललं हे कॉन्ट्रॅक्टरला अजिबात कळू देऊ नका.

चूक: सापडल्यावर लगेच कॉन्ट्रॅक्ट रद्द करणं

राग येणं बरोबरच आहे, पण तुम्ही संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरला फोन करून झापलंत की सकाळी ती माणसं दुसऱ्या साइटवर हलवलेली असतात, कर्ज तसंच डोक्यावर आणि आता तुमचीही नजर नाही. आधी माणसं सुरक्षित आहेत ना ते बघा. कोणाला डांबलंय किंवा मारहाण होतेय तर थेट पोलीस, लहान मूल असेल तर 1098. बाकी तक्रार जिल्हाधिकारी किंवा प्रांत ऑफिसला लेखी द्यायची. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने असं कर्ज रद्दच होतं, ते वसूल करणं हा तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे, हे त्या कामगाराला कोणीतरी सांगायला हवं कारण तो बिचारा अजून हप्ते मोजत असतो. चौकशीत सिद्ध झालं की त्याच ऑफिसकडून मुक्ततेचा दाखला (वेठबिगारीतून सुटल्याचा कागद) मागा, त्याच्याशिवाय केंद्राच्या पुनर्वसन योजनेतली मदत पुढे सरकत नाही. आणि पगार बुडवला असेल तर 'तो कॉन्ट्रॅक्टरचा प्रश्न' म्हणून हात झटकू नका, कंत्राटी कामगारांचे थकलेले पगार मूळ मालकाने, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट देणाऱ्या कंपनीने, भरायचे हे 1970 च्या कायद्यापासून चालत आलंय, ते भरा आणि कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून कापा.

नवीन कॉन्ट्रॅक्टर आणलात तर जुन्या माणसांना काम चालू ठेवायचं असेल तर त्यांनाच घ्यायची अट घाला. पण त्याने जुन्या मुकादमाला पैसे देऊन त्या माणसांची उचल स्वतःच्या वहीत चढवून घेतलेली नाही ना, हे पहिल्या पगाराच्या आधीच त्या माणसांकडून विचारून घ्या.