आधी ईस्टर कधी आहे ते बघा, मग तिकीट काढा: एकटीने दक्षिण युरोप, बडोद्याहून

२०२५ च्या एप्रिलमध्ये मी वीस दिवस एकटी फिरून आले, लिस्बन, सेव्हिल, बार्सिलोना, रोम आणि मधे एक दिवस नेपल्स, आणि तेव्हापासून दांडिया बाजारातले आमचे निम्मे नातेवाईक विचारतायत की कुठल्या टूरबरोबर गेली होतीस. कुठल्याच नाही. बाकीचे निम्मे विचारतात प्लॅनिंग कसं केलं, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी अकाउंट्सचं काम करते, मार्च एंडिंग आटपल्याशिवाय सुट्टीचं नाव काढता येत नाही, म्हणून एप्रिल. पण तिकडे फिरायला महिना खरंच तोच चांगला, इथे चाळीस डिग्रीत कूलर घरघरत असतो आणि तिकडे एक पातळ जॅकेट घालून दिवसभर चालता येतं.

आता सगळे काय करतात, आधी बघायच्या जागांची यादी करतात. मीही केली होती, चौतीस नावांची. ती यादी बाजूला ठेवा आणि पहिलं काम म्हणजे त्या वर्षी ईस्टर कधी आहे ते बघा. तारीख दर वर्षी बदलते, आपल्या सणांसारखीच चंद्रावर चालते. २०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे, आणि ग्रीसमध्ये ऑर्थोडॉक्स पंथाचं कॅलेंडर वेगळं म्हणून तिथे २ मे ला. ईस्टरच्या आधीचा आठवडा म्हणजे स्पेनमध्ये सेमाना सांता, आणि सेव्हिलमध्ये तर त्या आठवड्यात अख्खं गाव रस्त्यावर असतं. मला हे माहीतच नव्हतं! मी लिस्बनहून बसने सेव्हिलला उतरले तो दिवस १७ एप्रिल, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीचा गुरुवार, जी रात्र तिथली सगळ्यात मोठी. हॉटेल बस स्टँडपासून दीड किलोमीटर, आणि मला तिथे पोचायला दोन तास लागले, कारण प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मिरवणूक, टोकदार टोप्या घातलेले लोक हातात मेणबत्त्या घेऊन चाललेत, आणि मागून मूर्तीचा एवढा मोठा चौथरा की खाली माणसं आहेत हे फक्त त्यांच्या पायांवरून कळतं. मांडवीत विसर्जनाच्या दिवशी स्कूटर घेऊन शिरलं की जसं होतं तसं, फक्त बॅग घेऊन. खोलीचं भाडंही त्या रात्रीचं डबल होतं.

मुद्दाम बघायला गेलात तर ती रात्र आयुष्यभर लक्षात राहील, माझ्याही राहिली, पण चुकून सापडू नका. आणि ईस्टरनंतर साधारण दोन आठवड्यांनी सेव्हिलचीच फेरिया, म्हणजे मोठी जत्रा, असते, तेव्हा पुन्हा हॉटेलं महाग. त्याशिवाय २५ एप्रिलला इटलीत आणि पोर्तुगालमध्येही राष्ट्रीय सुट्टी असते, दोघांची कारणं वेगळी, आणि १ मे ला सगळीकडे. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनने मांडा आणि मग आपले वीस दिवस त्यांच्या अवतीभवती बसवा. एक तारीख मात्र मुद्दाम पकडा, २३ एप्रिल, बार्सिलोनात. त्या दिवशी सान्त जोर्डीचा सण असतो, रस्त्याच्या दोन्ही बाजूला पुस्तकांची आणि गुलाबांची टेबलं लागतात आणि लोक एकमेकांना पुस्तक आणि गुलाब देतात. मी स्वतःच स्वतःला एक गुलाब घेतला, कोणी विचारत नाही.

तारखा ठरल्या की व्हिसाचा देश. शेंगेन व्हिसा, म्हणजे या सगळ्या देशांत चालणारा, एकच असला तरी अर्ज कुठल्या देशाकडे करायचा ते तुमच्या मर्जीवर नाहीये, ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे, आणि दिवस सारखे असतील तर जिथे पहिल्यांदा उतरणार तिथे. लोक म्हणतात अमुक देशाचा व्हिसा पटकन मिळतो, तिकडून कर. करू नका. माझ्या स्पेनमध्ये दहा रात्री होत्या, म्हणून स्पेन, बायोमेट्रिक अहमदाबादला जाऊन दिले, एक्सप्रेस हायवेने सकाळी गेले दुपारी परत. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करावाच लागतो, पण पंधरा दिवसांवर विसंबून राहू नका, एप्रिलला जायचं तर जानेवारीतच अपॉइंटमेंट शोधायला लागा, नंतर उन्हाळ्याच्या सुट्टीवाल्या फॅमिल्यांची गर्दी सुरू होते. फी ९० युरो, वर सेंटरचा सर्व्हिस चार्ज वेगळा. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट परत यायच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा आणि दहा वर्षांच्या आत काढलेला हवा.

एकटी बाई म्हणून काही वेगळी कागदपत्रं लागत नाहीत, हे मुद्दाम लिहितेय कारण मला तीन जणांनी सांगितलं होतं की नवऱ्याचं पत्र लागेल. पैसे माझे, खातं माझं, टॅक्स रिटर्न माझं, मग पत्र कशाला. ऑफिसचं सुट्टी मंजूर केल्याचं पत्र मात्र नीट घ्या, त्यात परत रुजू व्हायची तारीख लिहून घ्या. आणि एक साधं कव्हरिंग लेटर, दिवसवार तक्ता, कुठे झोपणार आणि एका गावाहून दुसऱ्या गावी कशाने जाणार. तक्ता, हॉटेल आणि विमानाच्या तारखा एकमेकांशी जुळल्या पाहिजेत. हे ट्रायल बॅलन्ससारखंच आहे, एक रात्र कमी पडली की सगळं डोळ्यात येतं. हॉटेलं फ्री कॅन्सलेशनवाली घ्या, खोटी बुकिंग बनवून देणारे एजंट भेटतील, त्यांच्यापासून लांब राहा.

विमान अहमदाबादहून आखाती देशातून एक स्टॉप करून घ्या, मुंबईला जायची गरज नाही. शोधताना मल्टी सिटीवर क्लिक करा, जायचं लिस्बनला आणि यायचं रोमहून, म्हणजे उगाच पहिल्या गावी परत यावं लागत नाही, आणि किंमत बऱ्याचदा रिटर्न तिकिटाइतकीच पडते. अजून एक, माझ्या वेळी पासपोर्टवर शिक्का मारून सोडलं, पण १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडे नवीन एंट्री-एक्झिट सिस्टीम आलीये, पहिल्यांदा गेलं की बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात. त्यामुळे पहिलं उतरणं जिथे असेल तिथून लगेच दुसरं विमान ठेवू नका, तीन तास तरी मधे सोडा.

रूट एका ओळीत आखा, पश्चिमेकडून पूर्वेकडे किंवा उलट, आणि वीस दिवसांत चारच मुक्काम. रोज नवीन गाव केलं तर एकट्या माणसाचा अर्धा दिवस बॅग भरण्यात आणि अर्धा स्टेशन शोधण्यात जातो, कारण काम वाटून घ्यायला दुसरं कोणी नाही. नकाशात जवळ दिसतं त्यावर जाऊ नका. लिस्बन ते सेव्हिल थेट ट्रेनच नाहीये, बसने सहा-सात तास लागतात आणि वर घड्याळ एक तास पुढे जातं. याउलट सेव्हिल ते कोर्दोबा फास्ट ट्रेनने पाऊण तास, सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं, मी तेच केलं. रोम ते नेपल्सही सव्वा तासाच्या आसपास. फास्ट ट्रेनची तिकिटं जितकी लवकर घ्याल तितकी स्वस्त, इटलीतल्या साध्या रिजनल ट्रेनचा दर मात्र ठरलेला, ती आयत्या वेळी घेतली तरी चालते, फक्त कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असून दंड.

आधी काढायची तिकिटं तीनच लक्षात ठेवा, ग्रॅनाडाचा अल्हाम्ब्रा किल्ला, बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया चर्च आणि रोमचं कोलोसियम. अल्हाम्ब्रात आतल्या नासरी महालांना जायची वेळ तिकिटावर ठरलेली असते आणि पासपोर्ट बरोबर लागतो. मी दोन आठवडे आधी बघितलं आणि काहीच शिल्लक नव्हतं, माझाच आळस, म्हणून कोर्दोबा. बाकीच्या जागांचं तिकडे गेल्यावर बघा. माद्रिदला जाणार असाल तर प्रादो म्युझियम सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ फुकट असतं, आणि इटलीतली सरकारी म्युझियम महिन्याच्या पहिल्या रविवारी.

आता बॅग. एकटं फिरण्यातली खरी अडचण भाषा नाही आणि चोरही नाही, खरी अडचण म्हणजे बाथरूमला जाताना बॅग कोणाकडे द्यायची! म्हणून बॅग एवढीच घ्या की ती आत घेऊन जाता येईल आणि तीन मजले स्वतः उचलून चढवता येईल. लिस्बनमध्ये रस्ते छोट्या छोट्या गुळगुळीत दगडांचे, वर चढ, चाकं तिथे नुसती खडखडतात. माझी खोली चौथ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, जाहिरातीत ते सगळ्यात खाली बारीक अक्षरात होतं. तेव्हा बुक करताना लिफ्ट आहे का ते आधी वाचा. हॉटेल सोडल्यावर संध्याकाळच्या ट्रेनपर्यंत बॅग ठेवायला मोठ्या स्टेशनांवर सोय असते, स्पेनमध्ये पाटीवर कोन्सिग्ना लिहिलेलं असतं, इटलीत देपोझितो बगाल्यी. आणि एक सुती ओढणी ठेवाच. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकायला, बसमध्ये एसी लागला तर, बाकावर पसरायला.

घरून खायला काय न्यायचं, तर दुधाचं काही नाही. युरोपात बाहेरून मांस आणि दूध-तुपाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, तेव्हा आईने दिलेले पेढे आणि तुपाची बरणी घरीच ठेवा. भाकरवडी आणि लीलो चिवडो न्या, माझा चिवडो अकरा दिवस पुरला.

शाकाहारी लोकांनी एक गोष्ट पाठ करावी. स्पेनमध्ये नुसतं सिन कार्ने म्हणजे मांस नको म्हणालात तर वर टूना किंवा हॅम घालून देतील, त्यांच्या हिशोबात ते मांसात धरत नाहीत. म्हणायचं, नो कोमो कार्ने, नी पेस्कादो, नी हामोन. सेव्हिलमध्ये पालक आणि छोल्यांची एक भाजी मिळते, एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, जिरं घातलेलं असतं, पहिल्या घासाला मला डोळ्यात पाणी आलं. सालमोरेखो नावाचं टोमॅटोचं थंड सूप चांगलं पण वर हॅम आणि अंडं भुरभुरतात, आधी सांगा. इटलीत पिझ्झा मारिनारा घ्या, टोमॅटो, लसूण, ओरेगानो, चीज नसतंच. आणि ग्रीसला जाणार असाल तर ऑर्थोडॉक्स ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत जा, तेव्हा लोकांचा उपास असतो आणि निस्तीसिमो म्हणून विचारलं की डाळी, वाल, भाज्यांचे पदार्थ मिळतात. फक्त त्या उपासाला कोळंबी आणि ऑक्टोपस चालतो, तेवढं विचारून घ्या. आपल्या उपासाला साबुदाणा चालतो तसं काहीतरी असेल.

वेळा पण समजून घ्या. स्पेनमध्ये दुपारचं जेवण दोननंतर आणि रात्रीचं नऊला, सात वाजता भूक लागली तर किचन बंद. मी दुपारी मेन्यू देल दिया खायची, ठरलेल्या दरात दोन कोर्स आणि पाव, आणि रात्री फळं. लिस्बनमध्ये न मागता टेबलवर पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात, खाल्लं की बिलात, नको असेल तर परत करा. इटलीत कॉफी काउंटरशी उभ्याने प्या, बसलात की दर वाढतो. रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेऊ नका, गल्लोगल्ली लोखंडी नळ आहेत, पाणी गार आणि प्यायचं.

पैशाचं सांगायचं तर फॉरेक्स कार्ड दोन, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवलेली, आणि मशीनने रुपयात घेऊ की युरोत विचारलं तर दर वेळी युरो दाबायचं, रुपये दाबले की रेट तो म्हणेल तो. आणि दीडशे युरो रोख कायम जवळ. मी २७ एप्रिलला बार्सिलोनाहून रोमला आले आणि २८ ला दुपारी अख्ख्या स्पेन आणि पोर्तुगालची वीज गेली, ट्रेन बंद, सिग्नल बंद, कार्ड मशीन बंद. ज्यांच्याकडे रोख त्यांनाच पाणी आणि पाव. आमच्या घरात २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी आलं होतं तेव्हापासून कपाटात रोख ठेवायची सवय, तीच कामाची. रोममध्येही काही कमी नव्हतं, पोप फ्रान्सिस २१ ला गेले, २६ ला अंत्यविधी, आणि २८ पासून सिस्टीन चॅपल नव्या पोपच्या निवडीसाठी बंद. माझं व्हॅटिकन म्युझियमचं तिकीट नेमकं २८ चं. ज्या एका गोष्टीसाठी एखाद्या गावी जाताय ती पहिल्या दिवशी ठेवू नका आणि शेवटच्याही नको, मधे ठेवा, म्हणजे हलवायला जागा राहते, अर्थात माझ्या बाबतीत कितीही हलवलं तरी उपयोग नव्हता.

भीती वाटते का, सगळे विचारतात. पाकीटमारांची वाटावी, लिस्बनची २८ नंबरची ट्राम, बार्सिलोनाचं ला राम्ब्ला, रोमचं टर्मिनी स्टेशन, तिथे फोन हातात धरून उभं राहू नका. सेव्हिलच्या कॅथेड्रलजवळ बायका रोझमेरीची काडी हातात देतात आणि मग हात बघून पैसे मागतात, हात मागे घ्या आणि चालत राहा. मदतीला नंबर ११२, सगळ्या देशांत एकच. बाकी एप्रिलच्या मध्यावर सेव्हिलमध्ये पावणेनऊपर्यंत उजेड असतो, अकरा वाजता आज्या नातवंडांना घेऊन चौकात बसलेल्या असतात, मला सूरसागरच्या पाळीवरची संध्याकाळ आठवली.

घरच्यांशी मात्र फोनची वेळ आधीच ठरवा, नाहीतर तुम्ही मजेत आणि इथे आई जागी. स्पेन आणि इटली एप्रिलमध्ये आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, पोर्तुगाल साडेचार. मी पहिले दोन दिवस रात्री जेवून फोन करत होते, म्हणजे बडोद्यात रात्रीचे दोन. मग सकाळी नऊला करायला लागले, इथे साडेबारा, कुकरची शिट्टी फोनवरून ऐकू यायची.